छत्री फिरवायला चढलेला माणूस

पत्र्यावरची टीव्हीची छत्री, म्हणजे डिश, हलली की मेकॅनिकला फोन लावणं आमच्या बीडकडच्या बाप्याला कमीपणाचं वाटतं. तो आधी पाना शोधतो. ही सवय जुन्या अँटेन्याची. अंबाजोगाईच्या टॉवरकडं काड्यांचा सांगाडा वळवत राहायचं, पडद्यावरच्या मुंग्या विरळ होत जायच्या. खालून "उलीसं डावीकडं!" आलं की वरचा उलीसं डावीकडं. हात अजून तसाच चालतो, आणि घोळ तिथंच होतो.

छत्रीला मुंग्या नसतात. चित्र येतं, नाहीतर येत नाही. मधे फार तर चौकोनी तुकडे. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचावर. आपल्याकडून आग्नेयेला. इथं छत्री एका अंशानं सरकली की तिथं नेम सहाशे किलोमीटरहून जास्त चुकतो. बरं, तबकडीकडं बघून अंदाज बांधावा तर तीही फसवी. ती जिकडं बघताना दिसते त्याच्या बराच वर उपग्रह असतो.

त्यात टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सला चित्र दाखवायला काही सेकंद लागतात. वरचा नेमक्या जागी येतो तेव्हा खाली पडदा काळाच. "न्हाई आलं!" तो पुढं सरकवतो आणि दारातलं पोरगं ओरडतं, "पप्पा, मम्मी म्हणती आलं!... गेलं." मम्मी बघत असते पडद्यावरची सिग्नलच्या स्ट्रेंथची पट्टी. ती भरलेली असली तरी सिग्नलची क्वालिटी शून्य असू शकते, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

एवढ्या गोंधळात वरच्याचे कान खाली, डोळे आभाळात. पायाकडं कोण बघणार? मे महिन्यात पत्रा इतका तापतो की चप्पल काढवत नाही, आणि चप्पल घसरते. पाय द्यायचा तो खिळ्यांच्या ओळीवर, तिथं खाली लाकूड किंवा अँगल असतो. मधे दिला आणि पत्रा सिमेंटचा निघाला, तर गडी थेट स्वयंपाकघरात.

सगळ्यात वाईट म्हणजे वळवाच्या पावसात चढणारे. दाट ढगात आणि जोराच्या पावसात उपग्रहाकडून येणाऱ्या केयू बँडच्या लहरी क्षीण होतात, छत्री जागची हललेली नसताना चित्र जातं. सर ओसरली की आपोआप येतं. पण खाली मॅच रंगात आलेली. मग हा लोखंडी पाना घेऊन लखलखाटात वर! आपल्याकडं मे-जूनमध्ये वीज पडून माणसं-जनावरं दगावल्याच्या बातम्या कमी नसतात, पण शेवटच्या षटकात त्या कुणाला आठवतात?

चढायचंच तर सकाळच्या गारव्यात चढावं. नट सैल करण्याआधी मार्करनं खूण करावी, म्हणजे बिघडलं तरी मूळ जागी येता येतं. वायर सोडवायची तर बॉक्सची पिन आधी काढावी. आणि टीव्हीपुढं बसवायचा तो मालिकांचा नाद नसलेला माणूस. चित्र आल्यावर तो बघत न बसता बाहेर येऊन सांगेल. आमच्या गल्लीत असा कुणी अजून सापडलेला नाही.