बीएस्सी नर्सिंगनंतरची पहिली नोकरी: माझा अनुभव

नर्सिंग केलं की पोरगी रिकामी बसत नाही, असं आमच्या परभणीकडे अजूनही म्हणतात. माझ्या वडिलांनी त्याच भरवशावर शैक्षणिक कर्ज काढलं. 2022 मध्ये चौथ्या वर्षाचा निकाल लागला आणि त्यानंतर बरेच महिने मी घरीच होते. नर्सेस कमी आहेत हे खरं आहे, एक नाईट ड्युटी केली तरी ते कळतं. पण नव्या मुलीला हाताशी धरून शिकवायची तयारी फार थोड्या हॉस्पिटलांची असते.

निकाल हातात आला म्हणून लगेच काम मिळत नाही. आधी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, कॉलेजकडून ट्रान्स्क्रिप्ट, आणि मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. तो नंबर येईपर्यंत मला जिथे तिथे ‘ट्रेनी’ म्हणूनच विचारलं गेलं. काम स्टाफ नर्सचं, पगार ट्रेनीचा. म्हणून आता ज्युनिअर मुलींना मी सांगते, निकाल लागला त्याच आठवड्यात कागदांच्या मागे लागा.

नंबर आल्यावर वॉक-इन इंटरव्ह्यू सुरू झाले. पुण्यात आतेबहिणीकडे राहून फाईल घेऊन फिरत होते. सगळीकडे एकच प्रश्न, “अनुभव किती?” एका हॉस्पिटलने 11,000 रुपये पगार सांगितला, शिवाय दोन वर्षांचा बॉण्ड आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडे जमा. मी नाही म्हणाले. घरी त्यावरून बरंच बोलणं झालं, कारण कर्जाचा हप्ता जवळ येत होता. तरीही ओरिजिनल कुणाच्या कपाटात ठेवायची नाहीत, यावर मी आजही ठाम आहे. उद्या सरकारी भरतीत कागदपत्रांची तपासणी लागली तर काय दाखवणार?

पगाराचं तर मनाला फार लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती, की 50 खाटांपेक्षा लहान खासगी हॉस्पिटलातही नर्सला किमान 20,000 रुपये मिळावेत आणि 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार असावा. मी गेले त्यातल्या बहुतेक ठिकाणी हा आकडा कुणी उच्चारलाही नाही.

माझ्या जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या मैत्रिणीची अडचण वेगळीच. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेला बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अट नाही, पण जीएनएमला दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तोही किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलातला. गावाजवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये ती मरमर राबली, ते सगळं तिथे मोजलंच जात नाही. आमच्या वर्गातल्या मुलग्यांना तर एम्सच्या जागांमध्ये वाटाच 20 टक्के.

मला नोकरी लागली ती एका सीनिअर दीदीमुळे. तिच्या हॉस्पिटलात आयसीयूसाठी मुली हव्या होत्या आणि तिने आधीच बजावलं होतं, “बीएलएस करून ये.” बीएलएस म्हणजे हृदय किंवा श्वास थांबला तर लगेच काय करायचं याचं प्रशिक्षण. मी ते सर्टिफिकेट घेऊन गेले. मेट्रन मॅडमनी मार्कलिस्ट बाजूला ठेवली आणि विचारलं, “एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचंय, एका मिलीला वीस थेंबांचा सेट आहे. मिनिटाला किती थेंब?” मी बेचाळीस सांगितलं. मग पुतळ्यावर सीपीआर करून घेतला. अनुभवाचं त्यांनी विचारलंच नाही. अशा मेट्रन प्रत्येक हॉस्पिटलात असायला हव्यात.

पहिले दिवस कठीण गेले. कॉलेजच्या पोस्टिंगला एका व्हेंटिलेटरभोवती आम्ही सगळ्या जणी घोळक्याने उभ्या असायचो, लांबून बघायचो, हात लावायची परवानगी नसायची. बेड करणं, बीपी-टीपीआर (ताप, नाडी, श्वास) लिहिणं यात आमची पोस्टिंग संपायची. त्यामुळे इन्फ्युजन पंपाचा अलार्म वाजला की माझी छाती धडधडायची. इन्चार्ज सिस्टरने सुरुवातीला एकटीला पेशंट दिलाच नाही. एका अनुभवी सिस्टरसोबत ठेवलं, ड्युटी बदलताना हॅन्डओव्हर कसा द्यायचा, क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) कसं तपासायचं, डॉक्टरांना रात्री फोन करताना आधी काय सांगायचं, सगळं तिने शिकवलं. चूक व्हायच्या आत ती हात धरायची. नव्या नर्सला हे मिळालं नाही तर धोका तिच्यापेक्षा पेशंटला जास्त असतो, आणि हॉस्पिटलं नेमकी इथेच काटकसर करतात याचा मला राग येतो.

आता कर्जाचे हप्ते मी भरते आणि ड्युटी करून नॉरसेटचा अभ्यास चालू आहे. परभणीहून मुलींचे फोन येतात. त्यांना मी सांगते की सही करण्याआधी इतकं तरी विचारा: हॉस्पिटलात खाटा किती, पहिला महिना सोबत कोण असणार, आणि एक्स्पिरियन्स लेटरवर विभाग आणि खाटांची संख्या लिहून देणार का.