अडत्याची पिशवी

गणपती पेठेतल्या माझ्या ऑफिसात रोजचं काम म्हणजे जीएसटी, हळदीच्या अडतीचे हिशेब आणि ठेकेदारांचे टीडीएस. अमेरिकेत गेलेल्या सांगलीकरांची तिकडची विवरणपत्रंही मी करते. म्हणूनच गेल्या डिसेंबरात मार्केट यार्डातले एक जुने अडते मुलाला घेऊन आले. मुलगा अमेरिकेचा नागरिक, सून ग्रीन कार्डवर.

"ताई, दत्तकाचा आदेश हातात आला. आता टॅक्सचं बघा," मुलगा म्हणाला. आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा होता. १ सप्टेंबर २०२२ पर्यंत हेच प्रकरण कोर्टात गेलं असतं.

मुलगी चार वर्षांची, दोन्ही कानांनी कमी ऐकते. विशेष गरजा असलेलं मूल घेतलं की खर्च कितीही झालेला असो, अमेरिकेतली दत्तकाची करसवलत पूर्ण मिळते, असं त्याला तिकडे कुणी तरी सांगितलं होतं. ते खरं आहे, पण तिथल्याच मुलांपुरतं. प्रक्रिया सुरू होताना मूल अमेरिकेचं नागरिक किंवा रहिवासी असेल, तरच ते त्या व्याख्येत बसतं. आपल्याकडची, कमी ऐकू येणारी पोर बसत नाही. हा नियम मला अन्यायाचा वाटतो आणि तसं मी त्याला बोलूनही दाखवलं.

म्हणजे प्रत्यक्ष झालेलाच खर्च दाखवायचा, आणि त्याला पुरावा हवा. २०२५ साठी मर्यादा १७,२८० डॉलरची. त्यातले ५,००० पर्यंत, कर निघत नसला तरी, परत मिळतात. ही सोय २०२५ पासूनच आली. उरलेली सवलत पुढची पाच वर्षं वापरता येते. उत्पन्न २,५९,१९० डॉलरच्या वर गेलं की ती घटत जाते, पण याचं त्याच्या आत होतं. परदेशातलं दत्तक अंतिम होईपर्यंत काहीच मागता येत नाही, म्हणून आधीच्या वर्षांत भरलेली फीसुद्धा आता एकदमच ८८३९ क्रमांकाच्या फॉर्मवर येणार.

"तिकडच्या एजन्सीच्या पावत्या ईमेलमध्ये आहेत," तो म्हणाला. "पण इकडचे पैसे मी पाठवायचो आणि बाबा भरायचे. त्याचं काय राहिलं असेल?"

काकांनी पायाशी ठेवलेली कापडी पिशवी टेबलावर ठेवली. संस्थेची फी, नोटरी, कागदांचं भाषांतर, रेल्वेची तिकिटं, लॉजची बिलं, सगळं तारखेनुसार टाचलेलं. "हळदीची हिशेबपट्टी आम्ही टाकत न्हाई, नातीची टाकू व्हय?" कानाच्या मशीनचं बिलही त्यात निघालं. ते दत्तकाच्या खर्चात धरता येत नाही, म्हणून मी बाजूला काढलं. मुलाच्या कंपनीनं ज्याचे पैसे दिले होते, तो खर्चही वगळला. एकाच खर्चावर दोनदा लाभ घेता येत नाही.

मग मी नागरिकत्वाचं विचारलं. "ते आपोआप होतं ना?" तो म्हणाला. होतं. २७ फेब्रुवारी २००१ पासून तसा कायदा आहे. भारतातच पूर्ण झालेल्या दत्तकाला आयएच-३ व्हिसा मिळतो, आणि मूल त्यावर अमेरिकेत उतरून नागरिक आईबापाकडे राहू लागलं की तेही नागरिक होतं. दाखला पोस्टानं घरी येतो. पण कुठल्या घरी? हा जानेवारीत घर बदलणार होता आणि कागदांवर जुनाच पत्ता होता. माझ्यासमोर बसून त्यानं एजन्सीला मेल केला.

मुंबईतून लहानपणी दत्तक गेलेल्या एका मुलीला अमेरिकेनं २००८ साली परत पाठवलं होतं. तिचं वय २००१ च्या कायद्यातल्या वयोमर्यादेच्या पुढे गेलेलं आणि नागरिकत्वाचे कागद कुणी पूर्ण केलेच नव्हते. एका गुन्ह्यात शिक्षा झाली तेव्हा ते उघड झालं. भाषा येत नाही, माणूस ओळखीचं नाही, अशी ती मुंबईत उतरली. हे ऐकून मुलगा गप्प झाला. करसवलत हुकली तर पैसे जातात. तो दाखला मात्र लेकीला जन्मभर लागणार.

काकू फोनवर होत्या. "मग पोरगी भारताची राहणार न्हाई?" दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही, पण तुमच्या मुलाकडे आहे तसं ओसीआय, म्हणजे मूळच्या भारतीय परदेशी नागरिकांचं कार्ड, तिलाही मिळेल, असं मी सांगितलं. "म्हणजे दिवाळीला व्हिसाशिवाय येईल?" येईल. फक्त आधी तिचा भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि मगच कार्डाचा अर्ज, हा क्रम मी मुलाच्या यादीत लिहून दिला.