तीन आडव्या रेघांच्या खाली

लिनक्स कर्नलला (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) मेलने पाठवलेला पहिला पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचा मजकूर, कोडमुळे क्वचितच अडकतो. अडकतो तो पाठवण्याच्या पद्धतीमुळे. जीमेल ब्राउझरमध्ये उघडून त्यात पॅच पेस्ट केला की टॅबच्या जागी स्पेस येतात, लांब ओळी मधेच तुटतात आणि मेंटेनरकडे (कोडच्या त्या भागाची जबाबदारी असलेल्या माणसाकडे) 'गिट एएम', म्हणजे मेलमधला पॅच कोडला लावणारी गिटची कमांड, तो घ्यायला सरळ नकार देतं. म्हणून 'गिट सेंड-ईमेल'च वापरा. जीमेलवरून पाठवायचं तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. पहिली मेल स्वतःलाच पाठवा, ती सेव्ह करा आणि कोऱ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) लावून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढची लाज वाचते.

कमिट करताना, म्हणजे बदल गिटच्या इतिहासात नोंदवताना, 'गिट कमिट -एस', आणि हा एस छोटा. मोठा दिलात तर जीपीजी सही (डिजिटल सही) होते, 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ येत नाही. हा कोड द्यायचा हक्क मला आहे, एवढंच ती ओळ सांगते. पण तिच्याशिवाय पॅच घेतच नाहीत. विषयाच्या सुरुवातीला कोणता प्रीफिक्स (बदल कर्नलच्या कोणत्या भागात आहे ते सांगणारा शब्द) लावायचा ते 'गिट लॉग --वनलाइन' त्याच फाइलवर चालवून बघा, अंदाजाने ठोकू नका. वर्णनाच्या ओळी ७५ अक्षरांच्या आत ठेवा आणि बदल का केला ते लिहा. काय केला ते डिफमध्ये (जुन्या-नव्या ओळींच्या फरकात) दिसतंच. जुन्या कमिटमधला बग असेल तर 'फिक्सेस:' पुढे त्या कमिटच्या हॅशची (गिटने दिलेल्या ओळख-क्रमांकाची) पहिली १२ अक्षरं द्या.

मग पॅच तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट 'चेकपॅच.पीएल' चालवा. त्याची प्रत्येक वॉर्निंग म्हणजे कायदा नव्हे, पण दुर्लक्ष केलं तर का केलं हे सांगता आलं पाहिजे. एका पॅचमध्ये एकाच प्रकारचा बदल. स्पेलिंग सुधारता सुधारता इंडेंटही सरळ केलंत, की दोन पॅच करून आणा असं उत्तर ठरलेलं. कोणाला पाठवायचं ते 'गेट_मेंटेनर.पीएल' सांगतं.

मेंटेनरने बदल सुचवले तर दुसऱ्या आवृत्तीसाठी 'गिट फॉरमॅट-पॅच -व्ही२'. पहिल्या आवृत्तीपासून काय बदललं ते पॅचमधल्या तीन आडव्या रेघांच्या (---) खाली, डिफच्या वर लिहा. तिथला मजकूर कमिट होताना गळून पडतो. हेच नवखे लोक रेघांच्या वर लिहितात आणि 'व्ही२ मध्ये टायपो काढला' असली वाक्यं कर्नलच्या इतिहासात कायमची जाऊन बसतात.

उत्तर नाही आलं तर निदान एक आठवडा थांबा. दोन आठवड्यांची मर्ज विंडो (पुढच्या आवृत्तीत नवे बदल घेण्याचा काळ) चालू असेल तर आरसी१ (त्या आवृत्तीची पहिली चाचणी-प्रत) येईपर्यंत आठवणही करू नका.