क्योतोतली पाच देवळं आणि दोन कातडी

ओसाकातले कार्यक्रम आटोपले आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा मिळाला. मंडळी खरेदीला निघाली, मी चालायला. साइगोकू ही कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, 33 स्थानांची जपानमधली जुनी वारी. नाचीपासून गिफूपर्यंत हजारेक किलोमीटर. तेवढं कुठलं जमायला! पण 15 ते 19 क्रमांकाची पाच देवळं क्योतो शहरातच आहेत, सात-आठ किलोमीटरांत होतात. आषाढीला गळ्यात पखवाज अडकवून चालणाऱ्याला हे काहीच नाही.

केइहानच्या गाडीने तोफुकुजीला उतरलो आणि चढ चढून पहिल्या देवळाला, इमाकुमानोला पोचलो. नोव्हेंबर सरत आलेला, मोमिजीची, म्हणजे जपानी मेपलची, पानं लालभडक. गाभाऱ्यासमोर पांढऱ्या बंड्या घातलेली म्हातारी मंडळी प्रज्ञापारमिताहृदय हे बौद्ध सूत्र म्हणत होती. एका अक्षराला एक ठोका. सम नाही, खाली नाही, आवर्तन नाही. लय मात्र नकळत चढत गेली. बोटं खिशातच चालू झाली.

पुढच्या कियोमिझूबद्दल फार सांगत नाही. 1633 साली बांधलेला तो तेरा मीटर उंचीचा लाकडी सज्जा भव्यच आहे, पण गर्दी इतकी, की मी कान्नोनपेक्षा लोकांच्या पाठीच जास्त पाहिल्या.

तिथून उतार उतरून रोकुहारामित्सुजी. मी आलो होतो ते खरं यासाठी. दहाव्या शतकातल्या कूया नावाच्या साधूची लाकडी मूर्ती इथे आहे. तेराव्या शतकात कोशोने, थोर शिल्पकार उन्केइच्या मुलाने, घडवलेली. छातीवर लटकवलेली झांज, उजव्या हातात ती वाजवायचा टोला, डाव्या हातात हरणाच्या शिंगाची काठी, पोटऱ्या उघड्या, पायांत गवती चपला. उघड्या तोंडातून तारेवर ओवलेले सहा चिमुकले अमिदा बुद्ध बाहेर पडतायत: ना-मु-आ-मि-दा-बुत्सु (अमिदा बुद्धाला नमन), अक्षरागणिक एक. सगळे फोटोत तेच बघतात. मी गळा बघत राहिलो. शिरा ताणलेल्या, हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले. वरच्या पट्टीत तासन्‌तास गाऊन घसा बसत आलेला माणूस असाच दिसतो. कोशोने गाणारा माणूस फार जवळून पाहिला असणार.

951 च्या साथीत हा कूया कान्नोनची मूर्ती गाड्यावर घालून रस्तोरस्ती नाचत, नाम घेत फिरला, असं सांगतात. पंडितांपेक्षा बाजारातल्या लोकांत रमणारा. आपल्याकडे असता तर लोकांनी त्याला सरळ बुवा म्हटलं असतं.

ती काठी आणि त्याच्या अंगावरच्या कातड्याची दंतकथा मला माहीत होती: ज्या हरणाची हाक कूयाला आवडायची ते शिकाऱ्याने मारलं, तेव्हा त्याने शिंग आणि कातडं मागून घेतलं. कामो नदी ओलांडून, रोक्काकुदो हे सहा कोनी देऊळ (इकेबानाचं, म्हणजे जपानी पुष्परचनेचं, माहेर) उरकून, शेवटच्या कोदोला पोचलो, तर तिथेही कातडंच! 1004 साली ते स्थापणाऱ्या ग्योएनने म्हणे गाभण हरणी मारली, पोटातलं पाडस पाहून शिकार सोडली, आणि तिच्याच कातड्यावर सूत्र लिहून ते जन्मभर अंगावर वागवलं.

मी माळकरी. मांसाला शिवत नाही, पण बकऱ्याच्या कातड्याशिवाय माझ्या पखवाजाची पुडी बोलत नाही. आमच्या दिंडीत हा विषय कुणी काढत नाही. धुमेला, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या बाजूला, कणीक लावायची आणि अभंग सुरू करायचा. या दोघांनी निदान ते उघड्यावर मिरवलं.

देवळादेवळाचे शिक्के घ्यायच्या वहीत शेवटचा शिक्का घेतला तेव्हा खिडकी बंद व्हायला आली होती. कूयाचा नाचता नामगजर रोकुहारामित्सुजीत अजून होतो. पूर्वी तो चोरून चालायचा. आता 13 डिसेंबरपासून वर्षाअखेरपर्यंत चालतो आणि शेवटचा दिवस सोडला तर लोकांना बघता येतो. माझा थोडक्यात हुकला. डिसेंबरात तिकडे कुणाचा कार्यक्रम ठरला तर सांगा, बिदागी कमी चालेल.