सालीचं काय झालं ते सांगते

"मॅडम, शेंगदाण्याच्या सालीत एवढं औषध आहे म्हणता, मग ती कुणी विकत का घेत नाही?" कोल्हापुरात कुठल्याही बचत गटापुढं उभी राहिले की हा प्रश्न येतोच. भाजलेले दाणे चोळून पाखडले की सुपात उरते ती लाल साल. आजवर मी वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून सगळं सांगते.

सालीत गुण आहे. यावरून मी मागं हटणार नाही. प्रोअँथोसायनिडिन, कॅटेचिन अशी पॉलिफिनॉल, म्हणजे वनस्पतींत असणारी रसायनं, तिच्यात भरपूर असतात. पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये साल भिजवायची, गाळायची आणि तो अर्क डीपीपीएच नावाच्या चाचणीच्या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात टाकायचा. बघता बघता जांभळा रंग विरतो, पिवळा उरतो. रंग जितका उडेल तितकी अर्कात ऑक्सिडीकरण, म्हणजे तेल खवट करणारी क्रिया, रोखायची ताकद जास्त. ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात यंत्र तोच फरक आकड्यात दाखवतं. पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

त्याच भरात करवीर तालुक्यातल्या एका गटाला मी सांगितलं, "साल टाकू नका, साठवा. गिऱ्हाईक मी बघते." चटणी करून विकणाऱ्या बायका त्या. उन्हाळाभर त्यांनी चौदा पोती भरली. गिऱ्हाईक काही मिळालं नाही.

जुलैत फोन आला. पंधरा दिवस ऊन नव्हतं. सोप्यात पोती एकावर एक रचलेली. एका काकूंनी सुतळी सोडली, आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. "आत गरम लागतंय वो." मी मूठभर साल काढली. ढेकूळच निघालं, वर हिरवट-पिवळी भुकटी, कुबट वास. भुईमुगावर अशी बुरशी दिसली की अफ्लाटॉक्सिनची भीती, आणि ते विष शिजवून जात नाही.

"मग म्हशीला तरी घालू की," काकू म्हणाल्या. "आधी आंबोणात घालतच हुतो."

तेही नको म्हणावं लागलं. ते विष दुधात उतरतं.

परड्यात खड्डा काढून चौदाच्या चौदा पोती पुरली. मला कुणी एक शब्द बोललं नाही. एकीनं चहा केला, तो मला गिळवेना. ज्या सालीला मी टाकाऊ म्हणत होते ती टाकाऊ नव्हतीच. रोज मूठ-मूठ म्हशीच्या पोटात जात होती. सालीतल्या तुरट टॅनिनमुळं जास्त घालून चालत नाही, हेही त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

वाळवणी यंत्र घ्यायचं होतं, असं मला सांगतात. कशाच्या जोरावर? साल एवढी हलकी की पोतं भरलं तरी वजन भरत नाही. वाळवायचा खर्च, अल्कोहोलचा खर्च, वाहतूक. एका गटाच्या सालीवर हे भागत नाही. शिवाय परीक्षानळीत रंग उडाला म्हणजे शरीरात तेच घडतं असं नाही. यातली मोठी पॉलिफिनॉल आतड्यातून फारशी शोषलीच जात नाहीत. तेल खवट होऊ नये म्हणून असे अर्क कामाचे आहेत, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. मग 'औषध' का म्हणाले? तेल टिकतं म्हटलं की बायका गप्प बसायच्या, औषध म्हटलं की पुढं सरकायच्या. पण मी खोटं बोलत होते, हेही मला मान्य नाही. रंग खरंच उडत होता.

मागच्या महिन्यात त्या गावात गेले होते. काकूंनी सूप पुढं सरकवलं. "ह्या बारीला काय करायचं, सांगा." ताजी, कोरडी साल होती. आजच्या आज म्हशीला घाला म्हटलं. मूठभर मात्र पिशवीत बांधून घेतली.