आयआरक्यू १६ ने खाल्लेले नऊ दिवस

स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला जुना पीसी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे दुसऱ्या संगणकाच्या आत चालणाऱ्या संगणकात, हलवत होतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह नाही. उपकरणाकडून डेटा घेणाऱ्या कार्डाची सेल्फ टेस्ट पास. फर्मवेअरचा व्हर्जन नंबर बरोबर वाचला जातोय. आणि तरीही मोजणी सुरू केली की तीस सेकंदांनी 'टाइमआउट'. या एका शब्दापायी नऊ दिवस गेले. बाकीचं सगळं काम मिळून दोन दिवसांचं होतं.

स्पेक्ट्रोमीटर ठणठणीत होता, त्याला जोडलेला पीसी मात्र शेवटच्या घटका मोजत होता. विंडोज एक्सपी, आत एक पीसीआय (मदरबोर्डावरच्या जुन्या प्रकारच्या स्लॉटचं) डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड, ऑटोसँपलर (नमुने आपोआप देणारं यंत्र) आरएस-२३२ सीरियल पोर्टवर आणि सॉफ्टवेअरच्या परवान्याचा डोंगल पॅरलल पोर्टवर. मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला आणि या कार्डाचा त्यापुढच्या विंडोजसाठी ड्रायव्हर कधी निघालाच नाही. उत्पादकाचं उत्तर एका ओळीचं: नवीन मॉडेल घ्या. म्हणून पीसीआय स्लॉट असलेला एक नवा मदरबोर्ड, त्यावर डेबियन लिनक्स, व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम आणि त्यात जुनी डिस्क जशीच्या तशी. बाहेरचं डेबियन म्हणजे होस्ट, आतलं एक्सपी म्हणजे गेस्ट.

तुमचं कार्ड आयएसए, म्हणजे पीसीआयच्याही आधीच्या जातीचं, असेल तर मात्र हे सगळं सोडून द्या. व्हर्च्युअल मशीनला कार्ड थेट द्यायचं तर मधे आयओएमएमयू (कार्डाला फक्त त्या मशीनचीच मेमरी दाखवणारा भाग) लागतो, आणि तो पीसीआय व पीसीआय एक्सप्रेसपुरताच. आयएसए कार्डासाठी जुना पीसीच दुरुस्त करत राहायचा, किंवा उपकरणाला जीपीआयबी (मोजणीची उपकरणं जोडायचा पोर्ट) अथवा सीरियल असा दुसरा रस्ता आहे का ते बघायचं.

डिस्कची प्रत डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने, मॅप फाइल (कुठला भाग वाचून झाला त्याची नोंद) ठेवून घेतली. त्याआधी जुन्या पीसीवरच एक काम उरकून घ्या: डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलून 'स्टँडर्ड ड्युअल चॅनल पीसीआय आयडीई कंट्रोलर' करा आणि मशीन लगेच बंद करून प्रत घ्या. हे केलं नाही तर व्हर्च्युअल मशीन सुरू होताना सेव्हन-बी ची निळी स्क्रीन येते, कारण एक्सपीला आपली बूट डिस्कच सापडत नाही. मशीनचा प्रकार आय४४०एफएक्स ठेवा. क्यू३५ या नव्या प्रकारात एएचसीआय हा डिस्क कंट्रोलर येतो आणि एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. कोर एकच द्या. त्या काळातले अनेक ड्रायव्हर एका प्रोसेसरच्या हिशोबाने लिहिलेले आहेत. दुसरा कोर दिला की अशा चुका वर येतात ज्या पुन्हा घडवून दाखवता येत नाहीत. मेमरी १ जीबी पुरली. कार्ड पासथ्रूने, म्हणजे थेट, दिलं की गेस्टची सगळी मेमरी होस्टवर अडकून राहते, म्हणून उगाच जास्त देऊ नका.

बायोसमध्ये व्हीटी-डी (इंटेलचा आयओएमएमयू) चालू केलं, कर्नलला आयओएमएमयू चालू करायला सांगितलं, कार्ड गेस्टकडे सोपवणाऱ्या व्हीएफआयओ-पीसीआय ड्रायव्हरला बांधलं आणि एक्सपी पहिल्या फटक्यात उभं राहिलं.

घोडं अडलं ते इथून पुढे.

सेल्फ टेस्ट पास होते याचा अर्थ कार्डाची रजिस्टर वाचता-लिहिता येतात, एवढाच. तो रस्ता वेगळा: कार्डाचा मेमरीचा तुकडा गेस्टला थेट दाखवलेला असतो, तिथे अडायला काही नसतं. मोजणी मात्र इंटरप्टवर चालते. कार्डाचा बफर अर्धा भरला की ते हाक मारतं, ड्रायव्हर येऊन बफर रिकामा करतो. ती हाकच पोचत नसेल तर कार्ड दिसतं, ओळख सांगतं, पण कामाचं एक अक्षर बोलत नाही. मी मात्र पहिले तीन दिवस ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यात, केबल बदलण्यात आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये टाइमआउट वाढवण्यात घालवले. टाइमआउट तीसचा तीनशे सेकंद केला, तर तेच उत्तर पाच मिनिटांनी आलं.

हे सगळं गेस्टच्या आत शोधून सापडणारच नव्हतं. होस्टच्या कर्नल लॉगमध्ये ओळ स्वच्छ लिहिलेली होती: 'आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड', आणि खाली 'डिसेबलिंग आयआरक्यू १६'. आयआरक्यू म्हणजे इंटरप्टची लाइन. म्हणजे इंटरप्ट येत होते, होस्टवर कुणीच त्यांना आपलं म्हणत नव्हतं, आणि लाखभर इंटरप्ट असे बेवारस गेल्यावर कर्नलने ती लाइनच बंद करून टाकली. त्याच वेळी होस्टचा कीबोर्ड अडखळायला लागला होता. तो वेगळा बिघाड आहे असं समजून मी कीबोर्ड बदलला. तो त्याच लाइनवरच्या यूएसबी कंट्रोलरला लावलेला होता, हे नंतर कळलं.

कुणीच आपलं का म्हणत नव्हतं, हीच खरी मेख. जुन्या पीसीआयमध्ये इंटरप्टची लाइन अनेक उपकरणं वाटून घेतात. लाइन वाजली की प्रत्येक ड्रायव्हर आपल्या उपकरणाला विचारतो: तूच का? व्हीएफआयओला कार्डाची आतली रजिस्टर ठाऊक नसतात, त्यामुळे तो प्रमाणित जागी बघतो: पीसीआय स्टेटस रजिस्टरमधला इंटरप्टचा बिट. तो लागलेला असेल तर कमांड रजिस्टरचा दहावा बिट लावून कार्डाला गप्प करतो आणि गेस्टला निरोप देतो. हे दोन्ही बिट पीसीआय २.३ मध्ये, म्हणजे २००२ मध्ये आले. त्याआधीच्या कार्डांत ते नसतात; मग कर्नलला तसं कळतं आणि लाइनवर दुसरं कुणी असेल तर तो निदान सरळ नकार देतो. आमचं कार्ड त्याहून वाईट जातीचं. कमांडमधला बिट लिहिला की लिहिलेला राहतो, त्यामुळे कर्नलची खात्री पटते; पण स्टेटसमधला बिट कधी लागतच नाही. व्हीएफआयओ बघतो, बिट शून्य, 'माझं नाही' म्हणतो आणि निघून जातो.

हे तपासायला दहा मिनिटं लागतात. गेस्टमध्ये मोजणी सुरू करा आणि लगेच होस्टवर प्रोक इंटरप्ट्सची (कुठल्या लाइनवर किती इंटरप्ट आले ते दाखवणारी) फाइल वाचा. आमच्याकडे १६ च्या ओळीतला आकडा डोळ्यांदेखत हजारांनी उड्या मारत होता. त्याच क्षणी एलएसपीसीआय ही आज्ञा दोन व्ही लावून चालवा आणि कार्डाची स्टेटसची ओळ बघा. तिथे 'आयएनटीएक्स' पुढे अधिकचं चिन्ह हवं. उणेच दिसत असेल तर कार्ड या जातीचं. लाइन एकदा बंद झाली की आकडा थांबतो, म्हणून ही तपासणी होस्ट रीस्टार्ट केल्यावर पहिल्याच मोजणीला करायची. दुसऱ्यांदा बघायला गेलात तर सगळं शांत दिसेल आणि तुम्ही चुकीच्या दिशेला जाल. मी गेलो होतो.

उपाय व्हीएफआयओ-पीसीआय मॉड्यूलच्या एका पर्यायात आहे: नोआयएनटीएक्समास्क, किंमत १. त्याने व्हीएफआयओ कार्डाच्या बिटांवर विसंबणं सोडतो आणि इंटरप्ट कंट्रोलरवरच लाइन दाबतो. पण मग ती लाइन त्याला एकट्याला लागते. पर्याय लावला आणि मशीन सुरूच होईना: 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'. लॉगमध्ये 'फ्लॅग्ज मिसमॅच आयआरक्यू १६'. ही ओळ बघून तोंडचं पाणी पळालं, पण ती चांगली खूण होती. १६ वर आणखी दोघे बसले होते: एसएमबसचा (मदरबोर्डावरच्या सेन्सरांशी बोलायचा रस्ता) आय८०१ ड्रायव्हर आणि ईएचसीआय यूएसबी कंट्रोलर. पहिला ब्लॅकलिस्ट केला, म्हणजे लोडच होऊ दिला नाही. त्याच्यावाचून आमचं काहीच अडलं नाही. दुसऱ्याचा ड्रायव्हर सोडवला आणि कीबोर्ड यूएसबी ३ च्या पोर्टला लावला. मशीन सुरू झालं, मोजणी सुरू झाली, आलेख पडद्यावर सरकायला लागला. एवढ्याशा हिरव्या रेघेकडे किती वेळ बघत बसलो, ते सांगत नाही.

खरं तर यातलं काही करण्याआधी कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये घालून बघायला हवं होतं. प्रत्येक स्लॉटची इंटरप्ट लाइन ब्रिजवर फिरवून जोडलेली असते, त्यामुळे एका स्लॉटला १६ तर शेजारच्याला १७ मिळू शकतो, आणि तिथे शेजारी कुणी नसेल तर ब्लॅकलिस्टची कटकट वाचते. नोआयएनटीएक्समास्क मात्र तरीही लागेल. ब्रिजच्या मागची सगळी पीसीआय कार्डं बहुधा एकाच आयओएमएमयू गटात येतात आणि गट फोडून देता येत नाही, तेव्हा शेजारच्या स्लॉटमध्ये होस्टच्या कामाचं कार्ड ठेवू नका.

मोजणी चालली तरी अधूनमधून 'बफर ओव्हरफ्लो' यायचा. हिशोब सोपा आहे. बफर १०२४ नमुन्यांचा, वेग सेकंदाला १ लाख. अर्धा बफर ५.१२ मिलिसेकंदांत भरतो आणि हाक मारल्यापासून तो उपसायला तेवढाच वेळ हातात असतो. होस्टने तेवढ्यात गेस्टचा कोर दुसऱ्या कामाला लावला की नमुने गेले. गेस्टच्या कोरसाठी होस्टचा एक कोर राखून ठेवला, सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर 'परफॉर्मन्स' केला, बायोसमध्ये खोल सी-स्टेट (प्रोसेसरची झोप) बंद केल्या. मग ओव्हरफ्लो गेला. डिस्कची प्रत आता मोजणी चालू नसतानाच घेतो.

ऑटोसँपलरला मदरबोर्डावरचा खरा सीरियल पोर्ट दिला. त्यावर होस्टचा लॉगिन कन्सोल बसलेला नाही ना, ते बघून घ्या. नाहीतर सँपलरला मधेच लॉगिन प्रॉम्प्ट जातो. यूएसबी-सीरियलच वापरायचं असेल तर एफटीडीआय चिपचा लेटन्सी टायमर (आलेला डेटा पुढे द्यायच्या आधी थांबायचा वेळ) मुळात १६ मिलिसेकंद असतो, तो १ करा. ९६०० बॉडला एक बाइट साधारण एका मिलिसेकंदात जातो. एका बाइटच्या पोचपावतीसाठी सोळा थांबायचं म्हटलं की जुन्या प्रोटोकॉलचा धीर सुटतो.

डोंगलसाठी यूएसबी-पॅरलल केबल घेऊ नका. ती प्रिंटर म्हणून दिसते, आणि सॉफ्टवेअर डोंगल शोधतं ते ३७८ हेक्स या पोर्टवर. पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड होस्टला लावलं, होस्टचा प्रिंटर ड्रायव्हर एलपी काढला आणि तो पोर्ट गेस्टला दिला. होस्टवर पत्ता कुठलाही असो, गेस्टला ३७८ च दिसतो.

मशीनचं घड्याळ यूटीसीवर नको, स्थानिक वेळेवर ठेवा, नाहीतर प्रत्येक रीडिंगवर चुकीची वेळ पडेल. गेस्टला इंटरनेट देऊ नका. फाइली बाहेर काढायला होस्टपुरतं नेटवर्क पुरतं, पण एक्सपीला एसएमबी १ (फाइली वाटून घ्यायचा जुना प्रोटोकॉल) च येतं आणि लिनक्सवरच्या सांबाने ते ४.११ पासून मुळात बंद ठेवलंय. त्या एका नेटवर्कपुरतं ते हाताने चालू करावं लागतं. चालू मशीनचा स्नॅपशॉट विसरा, कार्डाच्या आतली स्थिती त्यात येत नाही. मशीन बंद करून डिस्कची फाइल उचलायची.

आणि एक राहिलंच. होस्टवर स्लॉट बदललात तरी गेस्टच्या सेटिंगच्या एक्सएमएल फाइलमधला कार्डाचा पीसीआय पत्ता तोच ठेवा. तो बदलला की एक्सपीला वाटतं नवीन कार्ड आलं, ते ड्रायव्हरची सीडी मागतं आणि कार्डाचं कॅलिब्रेशन जुन्याच नोंदीत अडकून राहतं.