क्ष, ज्ञ आणि नोंदपत्रांच्या सात पेट्या : आमची वाटचाल

सप्टेंबर २००८ मध्ये नाशिकला गोदावरीला महापूर आला आणि नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळा पाण्याखाली गेला, तेव्हा भांडीबाजारातील आमच्या तळमजल्यावरच्या गोदामात जीवशास्त्र शब्दकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या १,१०० प्रती, १९ रीम मॅपलिथो छपाईकागद आणि आमचा एकुलता एक संगणक होता. तिसऱ्या दिवशी शटर वर केले तेव्हा गठ्ठ्यांच्या सुतळ्या तुटलेल्या होत्या, कारण कागद पाणी पिऊन फुगतो तेव्हा सुतळी टिकत नाही. प्रती एकमेकींना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. त्या आम्ही रद्दीवाल्यालाही देऊ शकलो नाही.

हा शब्दकोश का काढला, ते सांगितले पाहिजे. आमच्याकडचा मुलगा दहावीपर्यंत मराठीतून ‘पेशी’ आणि ‘ऊती’ शिकतो, अकरावी विज्ञानाला जातो तेव्हा त्याच्यासमोर एकदम ‘सेल’ आणि ‘टिश्यू’ येतात, आणि समजून घ्यावे म्हणून त्याने वाचनालयात विश्वकोश उघडला तर तिथे त्याला ‘कोशिका’ आणि ‘ऊतक’ भेटतात. मुलगा हुशार असूनही गोंधळतो आणि आपल्यालाच विषय येत नाही असे समजतो. १९९६ मध्ये मी आणि माझा भागीदार यांनी ठरवले की एका शब्दाखाली ही सगळी रूपे एकत्र द्यायची, व्याख्या चार ओळींत बसवायची आणि उदाहरण शक्यतो आपल्या शिवारातले द्यायचे. नोंदी मी लिहिणार आणि अक्षरजुळणी तो करणार, अशी निम्मी-निम्मी वाटणी होती. पहिल्या आवृत्तीत साडेचार हजार शब्द होते. प्रत्येक शब्दाचे एक नोंदपत्र होते आणि ती सारी सागवानी खणांच्या सात पेट्यांत आमच्या घराच्या माळ्यावर असत.

पुरानंतर आठ दिवसांनी मी भागीदाराकडे गेलो. श्रीलिपी या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेल्या मजकुराची सीडी त्याच्याकडे होती. तिच्यावरून बटर (पारदर्शक कागदावरची छपाईची प्रत) काढून पुन्हा छपाईच्या प्लेट केल्या असत्या, तर दोन महिन्यांत पुस्तक बाजारात आले असते. त्याने सीडी दिली नाही. जुळणी माझी, तेव्हा मजकूरही माझाच, असे तो म्हणाला. पुढच्या जूनमध्ये त्याच मजकुराचा कोश त्याच्या एकट्याच्या नावाने मेन रोडवरच्या दुकानांत आला. आम्ही विक्रेत्यांना २५ टक्के कमिशन देत होतो, त्याने ४० टक्के दिले आणि आमची संस्था बुडाली असेही तो सांगत फिरला. ज्यांच्याकडे मी बारा वर्षे स्वतः गठ्ठे पोहोचवले, त्यांतल्या एकानेही मला फोन करून विचारले नाही. हे लिहिताना आजही हात जड होतो.

मात्र त्या सीडीत दुरुस्त्या नव्हत्या. दिंडोरीचे एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पहिल्या आवृत्तीपासून दर जूनला स्वतःच्या पैशाने दहा प्रती घेत आणि गरजू मुलांना वाटत. त्यांची स्वतःची प्रत मात्र दर दिवाळीला आमच्याकडे परत येई, समासात शिसपेन्सिलीच्या बारीक अक्षरांत चुका टिपलेली. अर्धगुणसूत्री विभाजनातून दोन जन्यपेशी तयार होतात, असे आमच्याकडून छापले गेले होते. सरांनी ‘दोन’ खोडून ‘चार, एकगुणित’ लिहिले आणि खाली तारीख घातली. दुसऱ्या आवृत्तीला अशा दुरुस्त्यांच्या शुद्धिपत्रकाचा वेगळा फॉर्म (एका कागदावर छापून घडी घातलेली पाने) आम्ही जोडला होता, पण मूळ जुळणीत त्या घ्यायचे भागीदार पुढे ढकलत राहिला. त्या शुद्धिपत्रकाखेरीज फक्त नोंदपत्रांवर होत्या, आणि पाणी माळ्यापर्यंत चढले नव्हते. भागीदाराच्या कोशात त्या दोनच जन्यपेशी राहिल्या आणि मुलांनी त्या परीक्षेत लिहिल्या. माझ्या नुकसानीपेक्षा मला याचा राग अधिक आहे.

सरांना सगळे कळल्यावर ते एसटीने नाशिकला आले, पन्नास प्रतींचे पैसे पाकिटात घालून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, “पुस्तक केव्हा येईल ते मी विचारत नाही. नोंदपत्रे कोरडी आहेत ना, तेवढे सांगा.” सातपूरच्या छापखानदाराने कागद उधार दिला. मी आणि सौ.ने रात्री जागून सातही पेट्या नव्याने, या वेळी युनिकोडमध्ये जुळवल्या. संगणकाने अकारविल्हे लावून दिली तेव्हा ‘क्षार’ हा शब्द क-च्या पोटात गेलेला निघाला. मराठी वाचक क्ष आणि ज्ञ शेवटी, ळ-नंतर शोधतो. तेव्हा ‘क्षार’पासून ‘ज्ञानेंद्रिय’पर्यंतच्या सगळ्या नोंदी आम्ही हाताने उचलून शेवटी नेल्या. प्रजातीचे (जीनसचे) नाव तिरप्या ठशात आहे ना, हे नोंदीगणिक पट्टी ठेवून तपासले.

तिसरी आवृत्ती २०१० च्या जूनमध्ये आली. डेमी आकार, ४८० पाने, सोळा पानी तीस फॉर्म, आणि सगळे दोऱ्याने शिवलेले. भागीदाराचा कोश नुसता डिंकाने चिकटवलेला होता आणि दिवाळीपर्यंत त्याची पाने सुटी होत. शब्दकोश वर्षातून शेकडो वेळा उघडला जातो, म्हणून विद्यार्थ्यांनो, कोणाचाही कोश घ्या, पण घेण्याआधी पाने चाळा आणि एखाद्या फॉर्मच्या मधोमध दोरा दिसतो का पाहा. आणि शास्त्रीय नाव हाताने लिहिताना प्रजाती आणि जाती या दोन्ही शब्दांखाली स्वतंत्र रेघ मारा, सलग नको. प्रकाशन करू पाहणाऱ्या तरुणांना एवढेच सांगेन, की जुळणीची फाइल पहिल्या दिवसापासून आपल्या ताब्यात ठेवा आणि तळमजल्यावर कागद ठेवू नका.

पुढची वर्षे बरी गेली. भागीदाराचा कोश तीन वर्षांत बंद पडला. तो रस्त्यात भेटतो, आम्ही बोलत नाही.

चौथ्या आवृत्तीच्या वेळी सरांनी बाभळीच्या नोंदीवर बोट ठेवले. अकेशिया हे बाभळीच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ऑस्ट्रेलियातील जातींकडे ठेवायचे, असे २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरले आणि २०११ मध्ये मेलबर्नला ते कायम झाले. त्यामुळे आपली बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका आणि खैर सेनेगालिया कॅटेचू झाला. जुन्या पुस्तकांत मात्र अकेशियाच आहे. मी नवे नाव देऊन जुने गाळणार होतो. सर म्हणाले की मुलगा दोन्ही पुस्तके वाचणार आहे, तेव्हा दोन्ही नावे द्या. तेव्हापासून नाव बदललेल्या प्रत्येक नोंदीत आम्ही जुने नाव कंसात ठेवतो.

पाचव्या आवृत्तीची जुळणी या उन्हाळ्यात पूर्ण झाली. सरांची नजर आता कमी झाली आहे, म्हणून त्यांची नात त्यांना प्रुफे वाचून दाखवते आणि समासात पेन्सिल तीच चालवते. क्ष आणि ज्ञ यांचा गठ्ठा गेल्या सोमवारी दिंडोरीला पाठवला आहे, आणि तो परत आल्याशिवाय पहिला फॉर्म मशीनवर चढणार नाही.